गुडघ्याची वाटी नेमकी कुठे झिजते?

ठाणे स्टेशनचा पूल चढताना गुडघा फारसा कुरकुरत नाही, उतरताना मात्र वाटीमागे कळ येते. मग ‘वंगण संपलं’ असं निदान घरीच होतं. खरं तर वाटीमागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांपैकी एक आहे, काही ठिकाणी 5 मिलिमीटरहून जाड. ती सगळीकडे सारखी झिजत नाही. कुठल्या बाजूला झिजली हे पाहिलं की अनेकदा वाटीला धरून ठेवणाऱ्या अस्थिबंधांचा, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांचा, दोष कळतो.

वाटी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरच्या खोबणीत वरखाली होते. पाय सरळ असताना ती खोबणीच्या वर असते आणि गुडघा 20 ते 30 अंश वाकल्यावर आत नीट बसते. तोपर्यंत हाडाचा आधार जेमतेम. या टप्प्यात वाटीला बाहेर सरकू न देण्याचं काम मुख्यतः आतल्या बाजूच्या ‘एमपीएफएल’ या पातळ पट्टीचं असतं. साधारण 5 ते 6 सेंटिमीटर लांबीची ही पट्टी बाहेर ढकलणाऱ्या जोराला होणाऱ्या विरोधातला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा उचलते.

कबड्डीत पाय मॅटवर रोवलेला, गुडघा किंचित वाकलेला आणि अंग आत वळलं, की वाटी बाहेर निसटते. तेव्हा ही पट्टी बहुतेक वेळा फाटतेच. खरं नुकसान मात्र वाटी परत जागेवर येताना होतं: तिची आतली कड मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर आपटते आणि कूर्चेचा तुकडा उडू शकतो. दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजला तर आत रक्त साचलं असण्याची शक्यता मोठी. गुडघा अडकत असेल तर सुटा तुकडा फिरत असू शकतो. ‘वाटी बसली ना, झालं’ म्हणून क्रेप बँडेजवर भागवू नये. एमआरआय करून घ्यावा.

उलट प्रकार बाहेरच्या बाजूचा. तिथली बंधनं आखडली की वाटी तिरकी होते आणि भार तिच्या बाहेरच्या अर्ध्यावर येतो. मांडीच्या बाहेरून येणारा ‘आयटी बँड’ हा चिवट पट्टा या बंधनांत मिसळलेला असतो, म्हणून तो ताठ असला तरी हेच होतं. इथे वाटी निसटत नाही, वर्षानुवर्षं घासत राहते. जिने चढता-उतरताना वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट दाब येतो, खोल बैठकीत त्याहून बराच जास्त. वाशी-नेरुळच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या सिडको इमारतींत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा दाब रोजचाच.

गुडघ्याच्या आत मागे असणाऱ्या ‘पीसीएल’ या अस्थिबंधाची दुखापत सर्वांत फसवी. घोडबंदर रोडवर स्कूटर घसरली आणि वाकलेल्या गुडघ्याखाली नडगीवर मार बसला, की तो फाटू शकतो. नडगी थोडी मागे सरकते, ती पुढे ओढायला मांडीच्या पुढच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो आणि वाटी खोबणीवर जास्त दाबली जाते. सुरुवातीला दुखणं सुसह्य असतं. वाटीमागचं दुखणं पुष्कळदा काही वर्षांनी येतं, तोवर पडल्याची आठवणही राहत नाही. डॉक्टरांना ती जुनी दुखापत आवर्जून सांगा.

एक्स-रे काढताना समोरून आणि बाजूने काढलेले पुरेसे नसतात. गुडघा वाकवून वाटी आणि खोबण दाखवणारा ‘स्कायलाइन’ एक्स-रेही काढायला सांगा. वाटीचा तिरकेपणा त्यातच नीट दिसतो.

सुटा तुकडा नसेल तर सुरुवात व्यायामाने करावी. भिंतीला पाठ टेकून 45 अंशांपेक्षा कमी वाकायचं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. जमू लागलं की 10 सेंटिमीटरच्या पायरीवरून हळू उतरायचं आणि गुडघा आत वळू द्यायचा नाही. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं तर प्रमाण कमी करावं. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात.

वाटी वारंवार निसटत असेल तर एमपीएफएल नव्याने बांधतात, बहुधा मांडीच्या मागच्या बाजूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) वापरून. तो किती ताणून बसवायचा यात मोठं कौशल्य आहे. फार आवळला किंवा मांडीच्या हाडावरची जागा काही मिलिमीटर चुकली, तर वाटीच्या आतल्या बाजूच्या कूर्चेवर दाब वाढतो आणि जी कूर्चा वाचवायची तीच झिजू लागते.