एसबीआय यूथ फॉर इंडिया फेलोशिप : अर्ज कसा करायचा आणि तो अडतो कुठे

एसबीआय फाउंडेशनची ही फेलोशिप २०११ पासून चालू आहे. १३ महिने खेड्यात राहायचं आणि एखाद्या सहयोगी स्वयंसेवी संस्थेबरोबर एक प्रकल्प उभा करायचा. नावात एसबीआय असलं तरी ही स्टेट बँकेची भरती नाही, त्यामुळे पुढे बँकेत चिकटता येईल या आशेवर अर्ज करू नये. अर्जाला शुल्क नाही. कोणी पैसे मागितले तर तो भामटा समजावा.

पात्रता सोपी आहे : कोणत्याही शाखेची पदवी आणि वय २१ ते ३२. भारतीयांबरोबर ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) आणि नेपाळ-भूतानचे नागरिकही अर्ज करू शकतात. वय मात्र अर्जाच्या दिवशी मोजत नाहीत. सूचनेत जन्मतारखेच्या दोन्ही सीमा दिलेल्या असतात, त्या पाहाव्यात. पदवी कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण हवी, हेही तिथेच असतं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची गाडी इथेच अडते, कारण आपल्याकडे निकाल लांबतात आणि पदवीदान समारंभ त्याहून लांबतो. निकाल लागला की प्रोव्हिजनल सर्टिफिकेटसाठी, म्हणजे पदवीच्या तात्पुरत्या दाखल्यासाठी, लगेच अर्ज टाकावा. एमएचं नियमित वर्ष चालू असेल तर दोन्ही जमणार नाही. काम पूर्णवेळ आहे.

आधार, दहावीचं प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवीचा पुरावा, पॅन आणि स्वतःच्या नावाचं बँक खाते तयार ठेवावं. नोकरी केली असेल तर अनुभवपत्रही. त्रास होतो तो नावाचा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. क्रम वेगळा असला तर बहुधा निभावतं, स्पेलिंग वेगळं असलं तर प्रश्न येतो. आधार दुरुस्त करून घेणं त्यातल्या त्यात सोपं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडीला ठेवावी.

निवडीचे टप्पे तीन : ऑनलाइन नोंदणी, लेखी उत्तरांची ऑनलाइन चाचणी आणि मुलाखत. गळती चाचणीत होते. ‘मला ग्रामीण भारताची सेवा करायची आहे’ हे वाक्य तपासणाऱ्याने शेकड्याने वाचलेलं असतं. त्यापेक्षा ‘आमच्या वाडीत टँकर मार्चपासून येतो, विहिरीचा गाळ काढायचं ठरतं पण वर्गणी जमत नाही’ एवढं लिहिलं तरी माणूस दिसतो. उत्तरं आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहावीत. नेट गेलं की पानावरचा मजकूर जातो. मुलाखतीत त्याच उत्तरांवर खोदून विचारतात, म्हणून उसनं लिहिलेलं तिथे उघडं पडतं.

सहयोगी संस्थांमध्ये पुण्याची बाएफ आहे, राजस्थानातली सेवा मंदिर आहे, ओडिशातली ग्राम विकास आहे. महाराष्ट्रातलंच गाव मिळेल हे धरून चालू नये. हिंदी कामापुरती येते की अस्खलित, हे अर्जात खरं लिहावं. गावात पोचल्यावर ते पहिल्याच बैठकीत कळतं.

मासिक मानधन, स्थानिक प्रवास आणि प्रकल्प खर्चासाठी रक्कम, विमा, आणि पूर्ण केल्यावर एकरकमी भत्ता मिळतो. आकडे बॅचनुसार बदलतात, त्यामुळे जुन्या व्हिडिओतले धरू नयेत. एकरकमी भत्ता १३ महिने पुरे केले तरच हातात येतो, म्हणून घरचा हप्ता त्यावर बेतू नये.