स्मृतिस्थळ : रचना आणि निगा

स्मृतिस्थळ म्हणजे गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी राखलेली, कोणालाही जाऊन निवांत बसता येईल अशी जागा. तिथे दफन असेल, रक्षा मातीत मिसळलेली असेल किंवा नुसती नावे कोरलेली असतील. शिळा आणि कारंजी पुढची गोष्ट. जागा टिकते ती माती, पाणी आणि वर्षानुवर्षांची निगा यांवर. म्हणून आराखडा जमिनीपासून सुरू करावा.

दफनासाठी जागा निवडताना चाचणीचे खड्डे घेऊन भूजल पाहतात, तेही ओल्या हंगामाच्या शेवटी, पाणी सर्वांत वर आलेले असताना. कोरड्या दिवसांत घेतलेली पातळी फसवते. इंग्लंडमधील पर्यावरणविषयक मार्गदर्शनानुसार पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २५० मीटर, इतर झरे व ओढ्यांपासून ३० मीटर आणि शेतातल्या निचऱ्याच्या चरांपासून १० मीटर अंतर सोडावे लागते. खड्ड्याच्या तळाखाली किमान १ मीटर कोरडी माती हवी.

नैसर्गिक दफनात देहात रसायने भरत नाहीत. तो सुती कापडात, वेताच्या किंवा साध्या लाकडाच्या पेटीत ठेवतात. ही पद्धत आधुनिक रूपात इंग्लंडमधील कार्लाइल येथे १९९३ मध्ये सुरू झाली. खोली साधारण १ ते १.२ मीटर पुरते. त्याहून खोल गेल्यास हवा कमी पडते आणि विघटन रेंगाळते. फार उथळ ठेवल्यास जनावरे उकरतात. खड्डा बुजवताना वर सुमारे ३० सेंमी उंचवटा ठेवतात, कारण भर पुढे वर्षभर खचत राहते. त्याच दिवशी त्यावर झाड लावण्याची इच्छा समजण्यासारखी आहे, पण रोप बहुधा जगत नाही : माती बसते, खोड कलते, मुळांभोवती पोकळ्या राहतात. एक ओला हंगाम जाऊ द्यावा आणि रोप खड्ड्यावर न लावता कडेच्या न खणलेल्या जमिनीत लावावे.

रक्षेबाबतचा गैरसमज याहून मोठा आहे. ती खत नाही. एका प्रौढ व्यक्तीची रक्षा साधारण २ ते ३ किलो भरते. ती तीव्र अल्कधर्मी असते आणि तिच्यात क्षार बरेच असतात. मूठमूठ मुळाशी ओतली की पानांच्या कडा करपतात आणि रोप वाळते. घरच्यांना तो दुसरा वियोग वाटतो, आणि तो टाळता येण्याजोगा असतो. रक्षा अनेक पट पालापाचोळ्याच्या खतात व मातीत कालवून, मुळांपासून दूर, रुंद जागेत पातळ पसरावी.

चालणाऱ्याच्या शरीराचा विचार करणारे सर्वांत सुंदर उदाहरण स्वीडनमधील स्टॉकहोमच्या वनदफनभूमीत आहे. गुन्नार आस्पलुंड आणि सिगुर्ड लेवेरेन्ट्स या वास्तुकारांनी तिच्या आराखड्याची १९१५ ची स्पर्धा जिंकली. १९९४ पासून ती जागतिक वारसा स्थळ आहे. तिथल्या टेकडीवरच्या चिंतनराईकडे जाणाऱ्या पायऱ्या वर जाता जाता कमी उंचीच्या होत जातात. चढणाऱ्याला कारण कळत नाही, पण माथ्यावर तो धापा टाकत पोहोचत नाही. इतरत्र निदान एवढे पाळावे : चढ १:२० (वीस मीटर अंतरात एक मीटर) पेक्षा तीव्र नको, वाट दीड मीटर रुंद, आणि सुटी खडी नको, तिच्यात चाकखुर्ची रुतते. बारीक चुरीसह दाबून बसवलेली खडी पाणीही मुरू देते. बाकाला पाठ आणि हात हवेत, कारण थकलेल्या माणसाला उठताना आधार लागतो. पाठीमागे भिंत किंवा दाट झुडपे असली की तो निर्धास्त बसतो. वाहनांचा आवाज झाडांच्या एका रांगेने फारसा अडत नाही, त्याला मातीचा बांधच लागतो.

नावांच्या मांडणीत वॉशिंग्टनमधील, व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांचे स्मारक (१९८२) पाहण्यासारखे आहे. त्याच्या रचनाकार माया लिन यांनी ५८,००० हून अधिक नावे वर्णानुक्रमे न लावता मृत्यूच्या क्रमाने लावली. एकत्र पडलेले शेजारी राहिले. काळा ग्रॅनाइट इतका झळाळता आहे की नाव वाचणाऱ्याला अक्षरांमागे स्वतःचा चेहरा दिसतो. दगड जोडताना मात्र लोखंडी खुंट्या वापरू नयेत. गंजून फुगतात आणि दगड फोडतात. स्टेनलेस स्टील घ्यावे. चुनखडीचा दगड आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने घासल्यास अक्षरे झिजतात. पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

हिरवळीऐवजी रानगवत ठेवल्यास वर्षातून एकदोन कापण्या पुरतात, पण वाटेच्या कडेची मीटरभर पट्टी नियमित कापावी. ही पट्टी कापलेली नसेल तर तीच जागा बेवारस दिसते आणि येणारे दुखावतात. प्लास्टिकची फुले व तारा चालणार नाहीत, हे पहिल्या दिवशीच सांगावे. वर्षभराने कोणाच्या वस्तू उचलणे फार क्लेशदायक होते. प्रत्येक नोंदीच्या शुल्काचा ठरावीक हिस्सा देखभाल निधीत जायला हवा, कारण जागा भरली की उत्पन्न थांबते आणि कापणी थांबत नाही. शिळा नसलेल्या ठिकाणी क्रमांकाची भाजलेल्या मातीची खूण जमिनीत पुरून ठेवतात, दोन कायम बिंदूंपासूनची अंतरे नोंदवतात आणि नोंदवहीच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवतात.