स्टेनलेस फ्लँजला जी.आय. बोल्ट: झीज कुणाची होते?

एस.एस.च्या (स्टेनलेस स्टीलच्या) पाइपलाइनवर फ्लँजला, म्हणजे पाइप जोडणाऱ्या भोकांच्या चकतीला, बोल्ट मात्र जी.आय.चे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचे, हे दृश्य कारखान्यात नेहमीचं. यामागे नुसती काटकसर नसते. बी-७ जातीचा पोलादी स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) साधारण ७२० मेगापास्कलपर्यंतचा ताण कायमचा न लांबता सोसतो. ३०४ जातीच्या स्टेनलेसचा साधा बी-८ स्टड २०५ लाच हार मानतो. स्पायरल वाउंड गॅस्केट (दोन फ्लँजमध्ये गळती थांबवणारी, धातूच्या पट्टीची गुंडाळलेली चकती) नीट दाबायला तो पुष्कळदा अपुरा पडतो. शिवाय एस.एस.च्या बोल्टवर एस.एस.चाच नट कोरडा आणि भरभर फिरवला, की आटे एकमेकांत रुततात आणि बोल्ट कापावा लागतो.

छपराखाली, कोरड्या जागी ही जोडी वर्षानुवर्षं टिकते. ओल आली की मात्र जस्त, पाणी आणि स्टेनलेस मिळून बॅटरी तयार होते. त्यात जस्त झिजतं, स्टेनलेस शाबूत राहतं. खरा घात क्षेत्रफळाच्या प्रमाणामुळे होतो: फ्लँजचा पृष्ठभाग मोठा, बोल्टचा इवलासा, त्यामुळे सगळी झीज बोल्टवर एकवटते. पाणी खारट असेल तर फ्लँजचा दूरचा भागही या झिजेला हातभार लावतो. म्हणूनच कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाळ्यात हा प्रश्न तीव्र होतो. उलट जोडी, म्हणजे पोलादी फ्लँजला एस.एस.चे बोल्ट, तुलनेनं सुसह्य. तिथे झीज मोठ्या पृष्ठभागावर पसरते.

बोल्टवर हॉट-डिप (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला) जस्ताचा थर सुमारे ५० मायक्रॉनचा असतो, इलेक्ट्रोप्लेटिंगचा (विजेनं चढवलेला) बहुधा ५ ते १२. पहिली खूण वॉशरच्या कडेला दिसते, कारण ओल तिथे साचून राहते: आधी पांढरी भुकटी, मग तांबूस ओघळ. ते पाहून फ्लँजच गंजला असं वाटतं. कापडानं पुसून पाहा. खालचं स्टेनलेस बहुतेकदा चकचकीत निघतं.

ओल्या जागी जी.आय. बोल्ट वापरायचेच असतील तर दोन्ही धातू एकमेकांना लागू नयेत म्हणून बोल्टवर ग्लास-इपॉक्सीची (काचतंतू घातलेल्या, वीज न वाहणाऱ्या प्लास्टिकची) नळी चढवा आणि दोन्ही बाजूंना त्याच मालाचे वॉशर घाला. त्यांच्यावर पोलादी वॉशर हवाच, नाहीतर नट फिरताना ते चिरडतात. टेफ्लॉनचे वॉशर दाबाखाली हळूहळू पसरतात आणि बोल्ट सैल पडतो. शेवटी मल्टिमीटरनं प्रत्येक बोल्ट आणि फ्लँज यांच्यात विजेचा संपर्क नाही ना, ते कोरड्यात तपासा.

तापणाऱ्या लाइनवर आणखी एक अडचण येते: स्टेनलेस पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे बोल्टवरचा ताण आणि गॅस्केटवरचा दाब वाढतो. आगीचा धोका तर याहून गंभीर. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि लालबुंद स्टेनलेसवर पडलं तर त्याच्या कणांमधल्या सीमांत शिरून तडे पाडतं. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यातल्या १९७४ च्या स्फोटानंतर चौकशीत असाच जस्तामुळे तडकलेला आठ इंची स्टेनलेस पाइप सापडला होता. त्यामुळे ज्वालाग्राही द्रवाच्या लाइनवर जस्ताचा थर असलेले बोल्ट लावूच नयेत.