शंभर टक्के कामात, तरीही वाटेत नाही

"ओ सर, काय घातलंयसा ह्याच्यात? सीपीयू शंभर टक्के दाखवालंय!"

राजारामपुरीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. महिन्यापूर्वी त्याला विचारूनच मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बॉइंक नावाचा, मशीनच्या रिकाम्या वेळात संशोधनाची गणितं सोडवणारा प्रोग्रॅम टाकला होता. ॲडमिशनची गर्दी सुरू झाली आणि एका दुपारी त्याने सहज टास्क मॅनेजर उघडला. व्हायरसच शिरला, असं त्याला वाटलं.

"मशीन हँग झालंय का?" मी विचारलं.

पलीकडे माऊसचे दोन-चार क्लिक ऐकू आले. "न्हाई. चाललंय तसं नीट."

सीपीयू, म्हणजेच प्रोसेसर, शंभर टक्के कामात म्हणजे कॉम्प्युटर जाम, हा समज चांगल्या शिकलेल्या माणसांतही पक्का बसलेला आहे. तो का चुकीचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी बॉइंकबद्दल. आपले कॉम्प्युटर दिवसातला बहुतेक वेळ रिकामे बसलेले असतात. पत्र टाइप करताना दोन अक्षरांच्या मधल्या वेळात प्रोसेसर कोट्यवधी गणितं उरकू शकतो, पण त्याला काम नसतं. हा फुकट जाणारा वेळ संशोधनाला द्यावा, ही कल्पना लोकप्रिय झाली ती १७ मे १९९९ रोजी सुरू झालेल्या सेटी ॲट होममुळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेतील शास्त्रज्ञांनी रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचे तुकडे लोकांच्या घरी पाठवले आणि त्यांत परग्रहावरचा एखादा निरोप आहे का, हे स्क्रीनसेव्हर चालू असताना तपासून घेतलं. परग्रहावरून निरोप काही आला नाही. मार्च २०२० अखेर नवे तुकडे पाठवणं थांबलं. पण त्यातूनच बॉइंक उभं राहिलं आणि आज त्यावर अनेक प्रकल्प चालतात. दुकानात मी लावला तो आइनस्टाइन ॲट होम. २०१० मध्ये त्याच्या स्वयंसेवकांच्या घरगुती कॉम्प्युटरांनी अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून एक पल्सार, म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरत रेडिओ लहरींचे ठोके देणारा मृत तारा, शोधून काढला, सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा.

आता मूळ मुद्दा. त्याच गल्लीच्या टोकाला एक खानावळ आहे. दुपारी तीननंतर गिऱ्हाईक नसतं तेव्हा वाढपी पोरगा लसूण सोलत बसतो. त्या तासात तो पूर्ण कामात असतो, शंभर टक्के. पण कुणी आत येऊन "एक मटण ताट" म्हटलं की सुरी खाली, पाकळी अर्धवट, आणि पोरगा उभा. गिऱ्हाईकाला लसणाचा पत्ताही लागत नाही. पोरगा किती कामात आहे, याला महत्त्व नाही. कोणतं काम हातातून लगेच सोडता येतं, याला आहे.

कॉम्प्युटरमध्ये हे ठरवतो शेड्यूलर. तो ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग. घड्याळाचा इशारा सेकंदाला कितीतरी वेळा येतो आणि दर वेळी शेड्यूलर पाहतो की प्रोसेसर आता कुणाला द्यायचा. इथे बॉइंकच्या चांगुलपणावर काहीच सोडलेलं नसतं. त्याला विचारत बसत नाहीत, सरळ उठवतात. लिनक्समध्ये प्रत्येक कामाला 'नाइस' नावाचा आकडा असतो, उणे २० ते अधिक १९. आकडा जितका मोठा, तितका स्वभाव सोशिक. साध्या प्रोग्रॅमचा नाइस शून्य, त्याचं वजन, म्हणजे वेळेच्या वाटणीतले वाटे, १०२४. बॉइंकसारख्या नाइस १९ असलेल्या कामाचं वजन फक्त १५. एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र भागावर, दोघंही हावरटासारखे वेळ मागायला लागले, तर १०३९ पैकी १५ वाटे बॉइंकला, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. समोरचा प्रोग्रॅम थांबला की मात्र सगळं ताट बॉइंकचं.

विंडोजचा खाक्या आणखी कडक. तिथे ० ते ३१ अशा पायऱ्या आहेत. साधा प्रोग्रॅम आठव्या पायरीवर, बॉइंकची कामं चौथ्या किंवा त्याखाली. वरच्याला काम आहे तोवर त्या कोअरवर खालच्याला काही मिळत नाही. मग खालचा उपाशीच मरायचा की! म्हणून सुमारे चार सेकंद ताटकळलेल्याला विंडोज क्षणभर उचलून पंधराव्या पायरीवर बसवते आणि पुन्हा खाली सोडते. हे दयेपोटी नाही. खालच्याने एखादी सामायिक वस्तू कुलूप लावून धरलेली असेल आणि वरचा नेमका तिच्यासाठीच खोळंबला असेल, तर दोघंही अडकतात. खालच्याला हात मोकळा करू द्यावाच लागतो.

तरी फुकट काहीच नसतं. लसणाचे हात धुतल्याशिवाय वाढता येत नाही. प्रोसेसरचं हात धुणं म्हणजे कॅश. प्रोसेसरच्या अगदी शेजारच्या या छोट्या स्मृतीतून आकडा साधारण एका नॅनोसेकंदात मिळतो, मुख्य रॅममधून आणायचा तर शंभरेक नॅनोसेकंद. बॉइंकने आपले आकडे तिथे पसरून ठेवले असतील, तर परत आलेल्या प्रोग्रॅमला स्वतःचे आकडे पुन्हा रॅममधून आणावे लागतात. माणसाला हे जाणवत नाही, मोजलं तर दिसतं.

जाणवतात त्या गोष्टी वेगळ्याच. ग्राफिक कार्डावर पायऱ्यांची व्यवस्था इतकी काटेकोर नसते. तिथलं काम मध्येच सोडायला लावणं कठीण, म्हणून स्क्रीन अडखळते. कॉम्प्युटर वापरात असताना ग्राफिक कार्डाला हात लावायचा नाही, हा बॉइंकमधला पर्याय चालूच ठेवा. रॅम कमी असेल तर बॉइंकने ती किती वापरायची, याला मर्यादा घाला. आणि उष्णता. मे महिन्यात माझा लॅपटॉप दळणाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला, कारण मी 'प्रोसेसरचा ५० टक्के वेळ' ही मर्यादा घातली होती. तिचा अर्थ थोडा वेळ पूर्ण जोरात, थोडा वेळ बंद. पंखा वर-खाली, वर-खाली. त्याऐवजी चारपैकी दोनच कोअर द्या, आवाज एकसारखा राहतो. वीजही लागतेच. ५० वॉट जास्त लागले तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. स्लॅबच्या काठावर असणाऱ्यांनी विचार करावा. 'झोपेत तुमचा कॉम्प्युटर पैसे कमावेल' अशा जाहिरातींशी याचा संबंध नाही. इथे मिळतात ते गुण, रुपये नव्हे.

जाता जाता, डेस्कटॉपवर दहा वेळा रिफ्रेश मारून कॉम्प्युटर पळायला लागत नाही. फक्त चित्रं पुन्हा काढली जातात. खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहणं एक वेळ समजू शकतो, तो वर्षातून एक दिवस तरी पुसला जातो. रिफ्रेशची पूजा रोजची.

पावसाळ्यात लाईट गेली तर काय, हा दुकानदाराचा पुढचा प्रश्न. बॉइंकची बहुतेक कामं ठराविक वेळाने आपली प्रगती डिस्कवर लिहून ठेवतात. सोललेला लसूण वाटीत असतो. फार तर शेवटची पाकळी जाते.

आता तो रोज दुकान उघडलं की आपल्या खात्यातली यादी बघतो. एका ओळीपुढे 'प्रलंबित' आहे. तोच तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनलाही दिलेला असतो, आणि दोन्ही उत्तरं जुळल्याशिवाय शास्त्रज्ञ एकावर विश्वास ठेवत नाहीत. घरगुती मशीन तापून चुकू शकतं, कुणी मुद्दाम खोटंही पाठवू शकतं.

"सर, जोडीदार अजून आला न्हाई," काल फोनवर म्हणाला. "कुठल्या देशात लाईट गेलीय म्हणायची?"