स्प्रे गनने गाडी रंगवतानाचे दोष व त्यांचे निदान

घरी गाडी रंगवताना पृष्ठभागावर उमटणाऱ्या दोषांवरून चूक गनची, रंगाच्या मिश्रणाची की हाताची, हे ठरवून ती दुरुस्त करण्याची ही पद्धत आहे. एकच दोष तिन्ही कारणांनी येऊ शकतो. त्यामुळे दोष दिसताच थिनर वाढवण्याची नवशिक्यांची सवय बहुधा नुकसानच करते.

निदानाची सुरुवात गाडीवर नव्हे, तर भिंतीवर लावलेल्या कागदावर करावी. गन कागदापासून १५ ते २० सेंमी. अंतरावर धरून ट्रिगर क्षणभर पूर्ण दाबला असता, कडांकडे सारखा विरळ होत जाणारा लांबट ठसा उमटला पाहिजे. रंग मध्येच साचला, तर हवेचा दाब कमी किंवा रंग घट्ट असतो. दोन्ही टोकांना साचून मध्ये विरळ राहिला, तर दाब जास्त किंवा रंग पातळ असतो. ठसा एका बाजूला झुकत असल्यास एअर कॅप (गनच्या तोंडावरची, हवेची छिद्रे असलेली टोपी) अर्धा फेरा फिरवून पुन्हा पाहावे : झुकाव उलटला तर कॅपची छिद्रे तुंबलेली असतात, तसाच राहिला तर दोष नोझलमध्ये, म्हणजे रंग बाहेर पडणाऱ्या तोटीत असतो. छिद्रांत तार घालू नये, कारण छिद्रे थोडी जरी विस्फारली तरी कॅप कायमची बिघडते. थिनरमध्ये भिजवून मऊ ब्रशने साफ करणे पुरते. रंग अडखळत, थुंकल्यासारखा येत असेल, तर नोझल सैल असणे, रंगाचा प्रवाह उघड-बंद करणाऱ्या सुईभोवतीचे पॅकिंग सुकलेले असणे किंवा कपाच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असणे ही नेहमीची कारणे होत.

संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा तुषार मोठे राहिल्याने किंवा ते पसरण्याआधीच सुकल्याने येतो. बॉनेटचा पहिला अर्धा भाग गुळगुळीत आणि उरलेला खडबडीत आला, तर संशय लहान टाकीच्या कॉम्प्रेसरवर (गनला दाबाची हवा पुरवणाऱ्या यंत्रावर) घ्यावा, कारण काम चालू असताना त्याचा दाब घसरतो. दाब नेहमी गनपाशी आणि ट्रिगर दाबलेला असताना मोजावा, कारण लांब, अरुंद नळीत तो बराच घटतो.

हाताच्या चुकांपैकी मनगटातून गन कमानीसारखी फिरवणे ही सर्वांत जास्त आढळते. त्यामुळे गनच्या एका फेरीत उमटणाऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी रंग दाट व टोकांना कोरडा बसतो. हात खांद्यातून, पृष्ठभागाला समांतर न्यावा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा तरी चढवावा आणि दिशा बदलण्यापूर्वी ट्रिगर सोडावा. तो न सोडल्यास कडेला दुप्पट रंग पडून ओघळ येतात.

माशाच्या डोळ्यासारखे खड्डे मात्र गनचा दोष नसून बहुधा सिलिकॉन, मेण किंवा तेलाचा अंश राहिल्याचे चिन्ह असतात.

हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) मिसळलेल्या बहुतेक क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, आयसोसायनेटे ही रसायने असतात, ज्यांमुळे कायमचा दमा जडू शकतो. त्यांपासून धुळीचा साधा मास्क संरक्षण देत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे आणि तो नसेल, तर हे काम घरी न करणेच योग्य.

क्लिअर कोटचा ओघळ ओला असताना पुसू नये. तो पूर्ण कडक झाल्यावर कठीण ठोकळ्यावर लावलेल्या १५०० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करून कंपाउंडने (पॉलिशच्या लेपाने) चमकवता येतो. मेटॅलिक बेसमधला, म्हणजे क्लिअर कोटखालच्या धातूकणयुक्त रंगाच्या थरातला, ओघळ असा निघत नाही, कारण घासल्याने अॅल्युमिनियमच्या कणांची मांडणी विस्कटून डाग दिसतो. तिथे घासून तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.