गुन्हे वाढले की गुन्ह्यांची नोंद वाढली?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, वार्षिक अहवाल आला की मथळे ठरलेले असतात. ‘राज्यात गुन्हेगारीत वाढ’, ‘अमुक शहर सर्वांत असुरक्षित’. विरोधक राजीनामा मागतात, सत्ताधारी घट दाखवणारा एखादा तक्ता हुडकून काढतात. मोकाट भ्रष्टाचार आणि पोलिसांचं बदलतं प्राधान्य यांमुळे गुन्हे वाढतात, असंही सर्रास ऐकवलं जातं. पण या अहवालात मोजलेले असतात ते पोलीस ठाण्यात दाखल झालेले गुन्हे. घडलेले गुन्हे त्यात कुणी मोजलेले नसतात. एनसीआरबीनेच आपल्या अहवालांत बजावून ठेवलंय की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही तेवढा मजकूर सोडून थेट तक्त्यावर उडी मारली जाते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

किरकोळ गोंधळ आधी निकालात काढू. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. एफआयआर दखलपात्र गुन्ह्याचा. एका एफआयआरमध्ये पाच कलमं लागली तरी एनसीआरबीच्या मोजणीत त्यातलं सर्वांत गंभीर कलमच धरलं जातं. एवढं पुरे.

खरी मेख पुढे आहे. काही गुन्ह्यांत फिर्यादी स्वतःहून ठाण्यात येतो: घरफोडी, सोनसाखळी चोरी, मारहाण, फसवणूक. काही गुन्ह्यांत मात्र पोलीस बाहेर पडून शोधतात तेव्हाच नोंद होते: हातभट्टी, मटका, गांजा, विनापरवाना पिस्तूल. इथे बहुतेक वेळा फिर्याद सरकारतर्फे एखादा पोलीसच देतो. म्हणजे दुसऱ्या प्रकारचा आकडा प्रामुख्याने पोलिसांनी त्या वर्षी काय करायचं ठरवलं ते सांगतो. जुगाराच्या केसेस दुप्पट झाल्या, याचा अर्थ छापे दुप्पट पडले. जुगार किती वाढला किंवा घटला, ते त्यावरून कळतच नाही.

याचं सर्वांत ढळढळीत उदाहरण २०२० सालचं. त्या वर्षी देशातले एकूण नोंद गुन्हे आदल्या वर्षापेक्षा २८ टक्क्यांनी वाढले. टाळेबंदीत माणसं घरात कोंडलेली असताना गुन्हे वाढले कसे? सरकारी आदेश मोडल्याचं, तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) १८८ हे कलम २०१९ मध्ये देशभरात सुमारे २९ हजार वेळा लागलं होतं, २०२० मध्ये सहा लाखांहून अधिक वेळा लागलं. त्याच वर्षी चोरीच्या नोंदी पावणेसात लाखांवरून पाच लाखांच्या खाली आल्या. खून दोन्ही वर्षी २९ हजारांच्या आसपासच राहिले. पोलिसांचं प्राधान्य एका रात्रीत नाकाबंदीकडे वळलं आणि देशाच्या ‘गुन्हेगारी’चा आलेख उभा चढला. २८ टक्क्यांचा तो आकडा घेऊन समाज बिघडत चालल्याचं सांगणारा लेख कुणी लिहिला असेल, तर त्याने वाचकाची निव्वळ दिशाभूल केली आहे.

फिर्यादी चालून येतो त्या गुन्ह्यांत आकडा उलट बाजूने बिघडतो. ठाण्याचं मूल्यमापन क्राइम मीटिंगमध्ये होतं, तिथे ‘गेल्या वर्षी याच महिन्यात किती, यंदा किती’ असं विचारलं जातं आणि वाढ दिसली की वरिष्ठ निरीक्षकाला उत्तर द्यावं लागतं. मग हिसकावलेला मोबाइल ‘गहाळ’ होतो. खुनाचा प्रयत्न ‘दुखापत’ होतो. फसवणुकीच्या फिर्यादीला ‘हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा’ म्हणून वाटेला लावलं जातं. दिल्लीत २०१३ ते २०१४ या एका वर्षात भादंविखालच्या नोंदी जवळजवळ दुप्पट झाल्या. शहरात एका वर्षात दुप्पट चोर येत नाहीत. तक्रार परतवून लावू नका असं वरून सांगितलं गेलं, की आधी दडपली जाणारी प्रकरणं कागदावर येतात. केरळचा नोंद गुन्ह्यांचा दर बिहारपेक्षा कितीतरी जास्त आहे. तेवढ्यावरून केरळला असुरक्षित ठरवणारे लोक मला दरवर्षी भेटतात. ठाण्याची पायरी चढायला लोक घाबरत नाहीत आणि आत गेल्यावर नोंद होते, ही शक्यता त्यांच्या मनाला शिवतही नाही.

भ्रष्टाचाराच्या आकड्यांत हाच घोळ, आणि तो जास्त घातक. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे सापळे वाढले की ‘भ्रष्टाचार वाढला’ आणि कमी झाले की ‘भ्रष्टाचार घटला’ असं छापून येतं. सापळा कसा लागतो ते पाहा. सातबाऱ्यावर नोंद लावायला कुणी पैसे मागतो, ज्याचं हक्काचं काम अडलंय तो चिडून १०६४ वर फोन करतो, पंच येतात, नोटांना पावडर लावली जाते. या सगळ्यासाठी नाडलेला तक्रारदार लागतो. मटक्याच्या अड्ड्याचा हप्ता, वाळूच्या डंपरचा हप्ता, गुटख्याच्या गाडीचा हप्ता यांत नाडलेला कुणीच नसतो, देणारा आणि घेणारा दोघेही खूश असतात. तक्रार करणार कोण? शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने दिली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. म्हणून सापळ्यांच्या यादीत अडवणुकीची लाच दिसते, संगनमताची फारशी दिसत नाही. आणि गुन्ह्यांचं प्रमाण खरोखर वाढवते ती हीच न दिसणारी लाच.

१९९३ चा रायगड किनारा आठवा. शेखाडीला आरडीएक्स उतरलं, कारण कस्टम्स आणि पोलीस यांच्यातल्या काहींना पैसे देऊन माल सोडवून घेण्याची वहिवाट पडली होती. चांदीसाठी सोडलेली वाट स्फोटकांना खुली झाली. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. त्या प्रकरणात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने कस्टम्स अधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही दोषी धरलं. पण त्याआधीच्या तस्करीबद्दल त्यांना वेळीच शिक्षा झाली असती तर? ज्या वर्षांत हप्ता बिनबोभाट चालू होता, त्या वर्षांच्या कागदांत तो किनारा शांतच दिसत असणार.

म्हणूनच मोकाट सुटलेला भ्रष्टाचार आणि बदलतं प्राधान्य यांना एका दमात ‘गुन्हे वाढण्याची कारणं’ म्हणणं मला पटत नाही. हप्तेखोरीला शिक्षा होत नाही तेव्हा घडणारे गुन्हे वाढतात आणि नोंद घटते. मोहीम निघते तेव्हा नोंद वाढते, घडणारे गुन्हे तेवढेच राहू शकतात. एखाद्या जिल्ह्यात कडक अधीक्षक आला, त्याने हप्ते बंद केले, प्रत्येक फिर्याद घ्यायला लावली, तर पहिल्या वर्षी आकडे चढणारच. त्या चढत्या आकड्यांवरून त्याची बदली मागणारे लोकप्रतिनिधी जिल्ह्याचं सरळ नुकसान करतात.

मग भरवसा कशावर ठेवायचा? मी आधी खुनाचा आकडा पाहते, कारण मृतदेह लपवणं कठीण. तरी सोबत अकस्मात मृत्यूच्या नोंदीही तपासते, कारण खून तिथे दडवला जाऊ शकतो. नंतर वाहनचोरी, कारण विम्याच्या दाव्याला एफआयआर लागतो, त्यामुळे मालक तो घेतल्याशिवाय हलत नाही. हे दोन स्थिर असताना बाकीचे आकडे उसळले असतील, तर नोंदीत किंवा पोलिसांच्या कामात काय बदललं ते मी आधी शोधते. ‘एकूण गुन्हे’ हा आकडा मी वाचतच नाही. खून आणि दारूची बाटली एकत्र मिळवून आलेल्या बेरजेतून काहीच कळत नाही.

राहिला प्रश्न आपल्या स्वतःच्या फिर्यादीचा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलं. अपवाद मोजके आहेत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीन वर्षं किंवा त्याहून जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण त्यासाठी उपअधीक्षकाची परवानगी लागते. ठाण्याने नकार दिला तर कलम १७३(४) खाली तीच माहिती लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. आणि चोरीला गेलेल्या मोबाइलसाठी ‘गहाळ’ लिहिलेला कागद पुढे आला, तर त्यावर सही करू नका.