मोबाइल संकेतशक्तीचे मान

टॉवरकडून निघालेल्या रेडिओ संकेताची मोबाइल फोनपर्यंत पोहोचणारी शक्ती, बोलीत ‘रेंज’. पडद्यावरच्या दांड्या याच मानावरून काढतात. मूळ आकडा डीबीएममध्ये, म्हणजे १ मिलिवॉटच्या तुलनेतील डेसिबेलमध्ये (दोन शक्तींचे गुणोत्तर सांगणाऱ्या एककात) असतो.

डेसिबेलचा उगम दूरध्वनीच्या तारांतून जाताना संकेताचा होणारा क्षय मोजण्यात आहे. अमेरिकेतील बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२४ च्या सुमारास ‘ट्रान्समिशन युनिट’ हे एकक घेतले. त्यालाच पुढे डेसिबेल म्हटले गेले. नामांतराचे वर्ष कोठे १९२८, तर कोठे १९२९ दिलेले आढळते. बेलचेच अभियंते डब्ल्यू. एच. मार्टिन यांचा त्याविषयीचा लेख जानेवारी १९२९ चा असल्याने निर्णय १९२८ चा मानणे अधिक सयुक्तिक. १ मिलिवॉटचा संदर्भ त्यानंतरचा. आधी ६ मिलिवॉट धरण्याचीही प्रथा होती. बेल लॅबोरेटरीज आणि सीबीएस, एनबीसी या नभोवाणी कंपन्यांचे १९३९ च्या सुमारास एकमत झाल्यावर १ मिलिवॉट रूढ झाला.

फोनला मिळणारी शक्ती अत्यल्प, म्हणून आकडे ऋण येतात : −९० डीबीएम म्हणजे १ पिकोवॉट (वॉटचा एक लाख कोटीवा भाग). शून्याकडे झुकणारा आकडा चांगला. दहाचा फरक दहापट, त्यामुळे −८५ आणि −१०५ यांत शंभरपट अंतर पडते.

मात्र नेमके काय मोजले, हे पाहिल्याशिवाय तुलना फोल ठरते. जीएसएममध्ये (२जी) वाहिनीतील एकूण शक्ती (आरएसएसआय) मोजत. ४जीतील आरएसआरपी ही १५ किलोहर्ट्झच्या एकेका उपवाहकावरील (पट्ट्याच्या बारीक तुकड्यावरील) संदर्भसंकेताची सरासरी शक्ती असते. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे ६०० उपवाहक असतात. पट्टा पूर्ण भरलेला असता आरएसआरपी एकूण शक्तीहून सुमारे २८ डेसिबेलने कमी भरते. म्हणूनच −१०५ ला ४जी सहसा चालते. जीएसएम ९०० च्या हँडसेटसाठी मात्र संवेदनशीलतेची प्रमाणित मर्यादाच −१०२ होती. शिवाय एकूण शक्तीत शेजारच्या टॉवरचा गोंगाटही मिसळतो. तो वेगळा कळावा म्हणून आरएसआरक्यू व एसआयएनआर ही गुणवत्तादर्शक माने पाहतात. दांड्या भरलेल्या असूनही नेट रखडते, त्याचे एक कारण येथे सापडते.

किती डीबीएमला किती दांड्या, याचे सर्वमान्य प्रमाण नाही. हातात धरताच आयफोन ४ च्या दांड्या घटतात, या वादात अ‍ॅपलने जुलै २०१० मध्ये आपले सूत्र चुकीचे असल्याचे मान्य केले. कित्येकदा दोन दांड्या जास्त दिसत होत्या. अँड्रॉइडमध्ये हे उंबरठे सेवादात्या कंपनीनुसार बदलतात, आणि एक दांडी वाढवून दाखवण्याची सोयही आहे. खरा आकडा अँड्रॉइडमध्ये बहुधा ‘सिम स्टेटस’खाली मिळतो.